कुंभारणीची अळी

“ह्यांच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला करायचं?” सुहास दाभोळ्यांनी हातातली करवत खाली ठेवत विचारलं.

“पूर्वेला,” मी म्हणाले. “सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. आणि पावसाची झड येते पश्चिमेकडून.”

“म्हणजे वास्तुशास्त्राप्रमाणेच की!”

खाशाबा माने बाभळीखाली बसून कोयत्याने बांबूचे वीत-वीत लांबीचे तुकडे पाडत होते. ते तिथले रखवालदार. मान वर न करता म्हणाले, “वास्तुशास्त्र ऱ्हाऊ द्या सायेब. घरकुलाचा अर्ज भरलाय का? सरपंचाची सही नसंल तर किड्यास्नी ताबा मिळायचा न्हाई.”

सुहास मोठ्याने हसले. त्यांच्या शेजारची मुलगी हसली नाही. तिने बांबूची एक कांडी डोळ्याला लावली होती आणि तिच्यातून ती माझ्याकडे बघत होती.

“त्यातून मी दिसणार नाही,” मी तिला म्हटलं. “एका बाजूला पेर आहे. बंद आहे ती.”

“माहितीये,” ती म्हणाली. “अंधार बघतेय.”

ह्याला आता अकरा वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते. कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाल्याला चारच महिने झाले होते आणि हिरजाईच्या माळावरच्या राखीव गवताळ रानात मला पहिली नोकरी मिळाली होती. दर रविवारी सकाळी शहरातून कुटुंबं यायची. आधी दोन तास किडे शोधायचे, नोंदवायचे, सोडून द्यायचे, मग सगळ्यांनी मिळून किड्यांसाठी एक घर बांधायचं. लाकडी चौकट, तिच्या खणांत बांबूच्या कांड्या, भोकं पाडलेले ओंडके, उसाचं पाचट, फुटकी कौलं. कांड्यांचा व्यास चार ते दहा मिलिमीटर. कार्यक्रम माझीच कल्पना होती आणि मला तिचा अभिमान होता.

त्या रविवारी दिवाळी नुकतीच संपली होती. बाकीच्यांनी ऐनवेळी यायचं रद्द केलं, म्हणून हे एकच कुटुंब आलं. सुहास आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत, त्यामुळे आमच्या चौकटीचे सांधे बघून त्यांना राहवलं नाही आणि किडे शोधण्याआधीच ते करवत घेऊन बसले. त्यांची बायको वैजयंती हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. मुलगी नऊ वर्षांची. मी हजेरीच्या कागदावर मुलीचं नाव लिहून घेतलं, ‘गौतमी’, आणि पुढे ‘दाभोळे’ लिहायला गेले, तेव्हा वैजयंतीताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“आडनाव राहू दे सध्या,” त्या म्हणाल्या आणि मला थोडं बाजूला घेऊन गेल्या. “ती पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली. संस्थेतून. अजून कागद पूर्ण नाहीत. येत्या गुरुवारी तिला ऑफिसात बोलावणार आहेत. आम्हाला बाहेर बसवून तिला एकटीला विचारणार, ह्यांच्याकडे कायमचं राहायचंय का. ती ‘हो’ म्हणाली तरच.”

“म्हणेलच की,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

“कसं सांगू? ती मला हाकच मारत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते. संस्थेत सगळ्या बायकांना मावशी म्हणायचं असतं. सुरुवातीला मला मावशी म्हणायची, मी म्हटलं, मावशी नको गं. तेव्हापासून काहीच नाही.” त्यांनी पर्समधून डबी काढून आवळासुपारी तोंडात टाकली. “तिला किड्यांचं फार वेड आहे. घरी झुरळसुद्धा मारू देत नाही. म्हणून म्हटलं, इथे आणू. जरा मोकळी होईल.”

ती मोकळी झाली. हे मी अंदाजाने नाही, बघून सांगते. आम्ही बोरीच्या झुडपाखाली पांढरी चादर पसरली आणि फांदीवर काठीने हलके तीन फटके मारले. चादरीवर टपटप किडे पडले. गौतमी चादरीच्या कडेला पालथी पडली, हनुवटी मातीत टेकवून. भिंगातून एकेक किडा बघत तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते प्रश्न चांगले होते. ढालकिड्याला वास कुठून येतो? नाकतोड्याचे कान पायावर असतात की पोटावर? शेणकिडा उलटा का चालतो, त्याला पुढचं दिसत नाही तर तो जातो कुठे हे त्याला कसं कळतं?

“ही पोरगी मास्तराला पळवून लावणार,” खाशाबा म्हणाले.

वैजयंतीताई दगडी बाकावर बसून होत्या. त्या माळावर फारशा फिरल्या नाहीत. दोनदा त्यांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. ह्याची मी नोंद घेतली नाही. ज्याची घेतली ते वहीत आहे: एकोणीस जाती, दोन अनोळखी.

दुसऱ्या फटक्यांना प्रार्थनाकीटकाचं एक पिल्लू पडलं, काडीएवढं, पोपटी. ते चादरीवरून चालत गौतमीच्या बोटावर आलं, मग मनगटावर, आणि तिथे थांबून पुढचे दोन पाय जोडून तिच्याकडे मान वळवून बघायला लागलं.

“आई, बघ!” गौतमी ओरडली. “आई, ही माझ्यावर चढली! माझ्याकडे बघतेय!”

चौकटीकडून येणारा करवतीचा आवाज थांबला. वैजयंतीताई बाकावरून उठल्या. त्या इतक्या सावकाश चालत आल्या की जणू माळावर कुणी झोपलेलं आहे. गौतमीच्या शेजारी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “कुठे? दाखव बघू.” त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. पण त्यांची नजर पिल्लाकडे नव्हती. गौतमीला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष मनगटाकडे होतं.

त्यानंतर तासभर तिने तो शब्द आणखी चार वेळा वापरला. वैजयंतीताईही मोजत असणार.

घर जवळजवळ भरत आलं होतं. बांबूचा खण दाभोळ्यांनी इतका घट्ट बसवला होता की एकही कांडी उपसून निघत नव्हती. वरचा एक खण रिकामा होता. खाशाबा शेडमागे गेले आणि एक जुनं कौल घेऊन आले. कौलाच्या आतल्या बाजूला मातीची तीन मडकी चिकटलेली होती, सुपारीएवढी. दोन मडक्यांची तोंडं लिंपून बंद केलेली, एकाचं उघडं.

“हे लावा वरल्या मजल्याला,” ते म्हणाले. “आयतं कुळ हाय. कुंभारीण.”

“हे मोडायचं नसतं ना?” सुहास म्हणाले.

“न्हाई मोडत. घरात कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो म्हणत्यात.”

सुहासांनी बायकोकडे बघितलं. वैजयंतीताईंनी मान खाली घातली. मूल नसलेल्या जोडप्यासमोर खाशाबांनी नको तो विषय काढला असं मला वाटलं आणि मी घाईघाईने म्हणाले, “गांधीलमाशी आहे ती. फक्त पावसापासून आडोसा बघते.”

“माझे वडील कीर्तन करायचे,” वैजयंतीताई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. “ते कुंभारणीची गोष्ट सांगायचे. ऐकायचीय?”

गौतमी त्यांच्या जवळ सरकली.

“कुंभारणीला स्वतःचं पिल्लू नसतं. मग ती काय करते, रानात जाते आणि एक अळी घेऊन येते. दुसऱ्याच कुणाची तरी. तिच्यासाठी असं मातीचं घर बांधते. तिला आत ठेवते आणि बाहेर बसून गुणगुणत राहते. रात्रंदिवस. अळी आधी घाबरते. हे कोण, मला कुठे आणलं. मग तो आवाज तिच्या ओळखीचा होतो. आणि ऐकता ऐकता एक दिवस तिला पंख फुटतात. दार फोडून ती बाहेर येते तेव्हा ती कुंभारीणच झालेली असते.”

“तिचीच होते?” गौतमीने विचारलं. वैजयंतीताईंच्या ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं.

“तिचीच होते. कुणाला ओळखूसुद्धा येत नाही.”

ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी तिच्यावर दीड पान लिहिलं होतं, लोकसमज आणि निरीक्षण ह्यांतलं अंतर दाखवायला. तेव्हाही, तिथे उभी राहून, ती मला तशीच ऐकू आली. लोकसमज म्हणून.

“सुंदर आहे गोष्ट,” मी म्हणाले. “पण खरं त्याहून गमतीचं आहे. दाखवू?”

“राहू दे ना,” वैजयंतीताई म्हणाल्या. “घर कशाला मोडायचं?”

“तीनातलं एकच. काही होत नाही.”

“दाखवा,” गौतमी म्हणाली.

मी सुईने एका बंद मडक्याचं झाकण कोरून काढलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. आत सहा हिरव्या अळ्या होत्या, शेंगेतल्या दाण्यांसारख्या दाटीने बसवलेल्या. त्यांच्यावर एक पांढुरकी, बिनपायाची अळी होती, दोनेक दिवसांची.

“ह्या झोपल्यात?”

“नाही. कुंभारीण नांगी मारून त्यांना बधिर करते. त्या जिवंत असतात, फक्त हलता येत नाही.”

“का?”

“मारल्या तर सडतील. ताज्या राहायला हव्यात ना.”

“म्हणजे फ्रीजच म्हणा की!” मागून सुहास म्हणाले. आम्ही दोघं हसलो.

“आणि ही पांढरी?”

“ही कुंभारणीची. तिची स्वतःची. बाहेरच्या अळ्या आणण्याआधीच तिने आत अंडं घालून ठेवलेलं असतं. बारीक धाग्याने वर टांगून.”

“मग बाहेर कोण येतं?”

“हीच. मोठी होऊन.”

“आणि ह्या?”

“ह्या संपतात.”

गौतमीने भिंग डोळ्यापासून दूर केलं, पुन्हा लावलं. तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती. “म्हणजे ह्यांना तिने तिच्या बाळासाठी आणलं.”

“शाबास!” मी म्हणाले. “अगदी बरोबर. कॉलेजातल्या मुलांनाही इतक्या पटकन कळत नाही.”

“मग ती गुणगुणते ते कुणासाठी?”

“गुणगुणत नाही गं. चिखल दाबताना पंखांचा आवाज होतो, एवढंच.”

“पुरे आता,” वैजयंतीताई म्हणाल्या. “गौतमी, गोष्ट वेगळी असते. गोष्टीत तसं नसतं.”

“गोष्ट खोटी असते,” गौतमी म्हणाली. ती चिडलेली नव्हती. तिने ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं आणि नीट, सुरकुती काढून, वैजयंतीताईंच्या मांडीवर ठेवलं.

पुढचं काम तिने मन लावून केलं. पाचट भरलं, जाळी ताणून धरली, खिळे हातात दिले. घर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं तेव्हा खाशाबांनी नारळ नाही म्हणून शेंगदाणे वाटले. निघताना सुहास म्हणाले, “आमच्या आयटीआयच्या पोरांना घेऊन येतो, तुमच्या सगळ्या चौकटी नव्याने करून देतो.” गौतमीने मला हात जोडून नमस्कार केला. गाडीत ती मागच्या सीटवर बसली. येताना ती पुढे, वैजयंतीताईंच्या मांडीवर बसून आली होती असं खाशाबांनी नंतर सांगितलं. मी वहीत लिहिलं: उत्तम सहभाग. असे प्रश्न विचारणारी मुलं हवीत.

फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी वैजयंतीताई आल्या. मी शेडमध्ये टाचण्या लावत होते. दारात उजेडाच्या बाजूला त्या उभ्या होत्या, म्हणून आधी फक्त आकार दिसला. सहावा महिना असावा.

“अभिनंदन,” मी म्हणाले. तो शब्द तोंडातून निघताना मी मागे मोजत गेले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर.

“तेव्हा तिसरा लागला होता,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्षांनी. गौतमी आल्यावर. आम्ही तिला सांगितलं नव्हतं. आधी गुरुवार होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं.”

मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

“ती गुरुवारी नाही म्हणाली.”

बाहेर खाशाबा कुणाला तरी हाका मारत होते.

“आत काय झालं ते मला त्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. ती रडली नाही, काही नाही. त्यांनी विचारलं, तुला मारतात का? नाही. जेवायला देतात? देतात. आवडतात? हो, चांगले आहेत. मग का नको? तर म्हणाली, त्यांचं बाळ येणारेय. माझं काम झालं.”

“तिला कसं कळलं?”

“दिवाळीत आमच्या आत्याबाई आल्या होत्या. मला एकटीला बघून म्हणाल्या, पोरीचा पायगुण गं, पाच महिन्यांत कूस उजवली. ती दाराआड होती. तिने ऐकलं होतं.” वैजयंतीताईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. “पण तेव्हा तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ तुम्ही दिलात.”

मी हातातली टाचणी परत डबीत ठेवली. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे वाक्य मला तयार मिळालं होतं. ते मी पदवीच्या पहिल्या वर्षी शिकले होते.

“मी भांडायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांना तर मी इथे येते हेच आवडलं नाही, गाडीत बसलेत. मला तुमच्याकडे एक मागायचंय. ती आमचं ऐकत नाही. मी दोनदा भेटून आले. तू आमचीच आहेस म्हटलं की मान डोलवते, मोठ्या माणसासारखी. तुमचं ऐकेल. तुम्ही तिला सांगा की ते खोटं होतं.”

“कुठलं?”

“कुंभारणीचं. सांगा की तुमचं चुकलं. काहीतरी नवीन शोध लागलाय म्हणा. अळीच कुंभारीण होते म्हणा. तुम्हाला येईल सांगता, तुम्ही शिकलेल्या आहात.”

मी हो म्हणाले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी एसटीने संस्थेत गेलो. अधीक्षक बाईंनी दहा मिनिटांची परवानगी दिली होती. तीन तासांच्या प्रवासात मी वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य शास्त्रीय वाटेल असं, आणि खोटं. माझ्या आयुष्यात मी इतकी तयारी एकाही परीक्षेची केली नव्हती.

भेटीच्या खोलीत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ होता. गौतमी आली. केस बारीक कापलेले होते. ती मला बघून खरोखर खूश झाली.

“केतकीताई! घरात कुणी राहायला आलं?”

“आलं ना. पानं कापणाऱ्या मधमाश्या आल्या. अकरा कांड्या भरल्यात.” एवढं खरं होतं. मग मी सुरू केलं. “गौतमी, मी तुला तेव्हा कुंभारणीचं सांगितलं ना, ते अर्धंच होतं. सगळ्या कुंभारणी तशा नसतात. काही जाती असतात, त्या बाहेरून आणलेली अळी खरंच वाढवतात. स्वतःच्या अळीबरोबर. दोन्ही मोठ्या होतात. दोन्हींना पंख फुटतात.”

गौतमी लक्ष देऊन ऐकत होती. तिच्या कपाळाला त्या दिवशी भिंगातून बघताना पडली होती तशीच आठी पडली.

“कुठली जात?”

मला शंभरावर गांधीलमाश्यांची नावं तोंडपाठ होती. खोटं एक नाव रचायचं होतं, कुठलंही, तिला काय कळणार होतं. मला सुचलं नाही.

“इथे मिळत नाही ती,” मी म्हणाले.

“इथली मी फोडून बघितली,” गौतमी म्हणाली. “न्हाणीघराच्या भिंतीवर होती. आधी एक फोडली, त्यात अळ्या होत्या. मग दुसरी बारा दिवस थांबून फोडली. आत नुसती डोकी उरली होती. पाच. आणि ती पांढरी मोठी झाली होती, ह्या एवढी.” तिने करंगळीचं पेर दाखवलं. “तुमचं बरोबरच होतं ताई.”

वैजयंतीताई माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “गौतमी,” त्या म्हणाल्या, “आपण माणसं आहोत गं. किडे नाही.”

“हो,” गौतमी समजूतदारपणे म्हणाली.

“मला तू हवी आहेस. बाळ आलं तरी, नाही आलं तरी. तू आधी आलीस.”

“हो,” ती पुन्हा म्हणाली. बाहेर घंटा झाली, बहुधा जेवणाची. मुलींच्या चपलांचा आवाज आला. गौतमीने दाराकडे बघितलं, मग वैजयंतीताईंच्या पोटाकडे, थोडा वेळ, कुतूहलाने.

“पाणी आणू?” तिने विचारलं.

आलेल्या पाहुण्यांना पाणी विचारायचं, असं त्या मुलींना शिकवलेलं असावं. ती माठाजवळ गेली, दोन पेले विसळले, भरले. एक मला दिला. दुसरा दोन्ही हातांनी धरून वैजयंतीताईंकडे नेला आणि मधेच थांबली. कोपराने खुर्ची त्यांच्याजवळ ढकलली.

“उभ्याने नका पिऊ,” ती म्हणाली. “पोटात बाळ आहे ना तुमच्या. बसून प्या.”

वैजयंतीताई बसल्या. गौतमी पेला परत घ्यायला समोर उभी राहिली. त्या ते पाणी सगळं, एकेक घोट करून, शेवटपर्यंत प्यायल्या.